सुंदराबाईचे चार दिवस

अकोल्यात वैशाखात घाम न येणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. तिचं नाव सुंदराबाई, आणि ती आमच्या समोरच्या घरात राहायची.

अकोल्याचा वैशाख काय असतो हे तुम्हा डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरांना वेगळं सांगायला नको. तुमच्यातले निम्मे तर उन्हाळ्याला भिऊनच घरी जात नाहीत. दुपारी बारानंतर गल्लीत कुत्रंसुद्धा भुंकायचं झालं तर आधी सावली बघतं. आम्ही सगळे ओले पंचे डोक्यावर घेऊन पडलेलो असायचो, आणि समोरच्या ओसरीत सुंदराबाई गुडघ्यांवर गोधडी ओढून ज्वारी निवडत बसलेली असायची.

"काय वैनी, थंडी वाजून राहिली काय?" येणारा-जाणारा विचारायचा.

"वाजून राहिली ना थोडीशी," ती म्हणायची.

ती खरं तेच सांगायची. पण खरं सांगते आहे हाच गल्लीला मोठा विनोद वाटायचा. गल्लीला विनोदाची आवड होती आणि करमणुकीची साधनं कमी होती.

तिचं बोलणंही मोठं संथ होतं. आवाज जरा घोगरा, जिभेला घाई नाही. तिला काही विचारलं की उत्तर तिच्या माहेरून, म्हणजे तिवशाहून निघायचं, मोटारीनं अमरावतीला यायचं, बडनेऱ्याला गाडी बदलायचं आणि मग सवडीनं अकोल्याला पोचायचं. तोवर विचारणारा निघून गेलेला असायचा. तिच्या दिरानं, किसनरावानं, तिचं नावच 'पॅसेंजर' ठेवलं होतं. जाऊ मैनाबाई त्यावर कडी करायची. म्हणायची, "आमच्या वैनीले भाकरी टाकाले सांगा, तवा वाट पाहूपाहू थंडा होते."

माणसं वाईट नव्हती. हे मी मुद्दाम आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला तसं वाटायची शक्यता आहे. सुंदराबाईचा नवरा जानराव कापसाच्या बाजारात मापारी होता. त्याच्या काट्यावर कुणाचं छटाकभर कमीजास्त झालं नाही. नांदगाव खंडेश्वरकडे थोडी काळी जमीन होती, ती बटईनं दिलेली. सासू केशरबाई कमरेत वाकलेली, पण तिच्या जिभेला बाक नव्हता. घरी आलेल्याला चहा पाजल्याशिवाय ती सोडायची नाही. अशा घरात सुंदराबाई पन्नास साली लग्न होऊन आली तेव्हा आडावरून दोन घागरी डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन यायची, आणि येता येता आमच्या पार्वताशी, म्हणजे माझ्या बायकोशी, मान न हलवता गप्पा मारायची. तेव्हाची सुंदराबाई नावाप्रमाणे होती.

मग शालू झाली. बाळंतपण तिवशाला, माहेरीच. पोरगी सुखरूप आली, पण आईचं रक्त थांबेना. बाजेची सुतळी भिजली, खालची माती भिजली. सुईण म्हणाली, "जाऊ द्या, घान निघून जाते, बरं असते." घाण निघून गेली आणि तिच्याबरोबर सुंदराबाईही जवळजवळ निघून गेली. दोन दिवस ती शुद्धीवर नव्हती. शुद्धीवर आली, पण दूध आलं नाही. शालू बकरीच्या दुधावर वाढली. अकोल्याला परत आली ती ही गोधडीवाली सुंदराबाई. रंग मेणासारखा, भुवया अर्ध्या झडलेल्या, आणि चाल अशी की जमिनीला विचारून पाऊल टाकावं.

आणखी एक गोष्ट झाली होती, ती कळायला घराला वर्ष लागलं. सुंदराबाई दूर बसेनाशी झाली.

तुम्ही आता शहरात शिकता, तुमच्या घरी हे बंद झालं असेल तर चांगलंच आहे. पण तेव्हा आमच्याकडे बाईला महिन्याचे चार दिवस दूर बसावं लागे. चुलीला शिवायचं नाही, पाण्याला शिवायचं नाही, माणसाला शिवायचं नाही. ओसरीच्या कोपऱ्यात तरटावर बसायचं, ताट वेगळं, तांब्या वेगळा. अन्यायच तो, मी नाही म्हणत नाही. पण त्या अन्यायाच्या पोटात एक सुट्टी होती. जन्मभर दुसऱ्याला वाढणाऱ्या बाईला त्या चार दिवसांत दुसरं कुणीतरी भाकरी आणून द्यायचं. जानरावाला बाजार बंद असला की सुट्टी, बैलाला पोळ्याला सुट्टी, बाईला एवढीच. सुंदराबाईची तीही गेली.

आधी केशरबाईला वाटलं, दिवस गेले. तिनं डोहाळ्यांची वाट पाहिली. पोट काही वाढेना. मग बाहेरचं काही असेल म्हणून अंगारे झाले, काढे झाले. गावातल्या डॉक्टरांनी मनगट धरून 'अशक्तपणा' असं निदान केलं आणि लाल रंगाचं टॉनिक दिलं. ते टॉनिक इतकं गोड होतं की शालूनं संपवलं.

आणि मग हळूहळू या गोष्टीची सोय घराच्या लक्षात आली. कुरड्या घालायच्या आहेत, मैनाबाई दूर बसली आहे, सुंदराबाई आहे. घट बसायचे आहेत, सुंदराबाई आहे. ही बातमी भिंतीपलीकडे गेली. पापडावर विटाळशीची सावली पडली तर पापड लाल होतात, लोणच्याला बुरशी येते, हे सगळ्या गल्लीला पक्कं ठाऊक. त्यामुळे कुणाचं लोणचं घालायचं असो, कुणाच्या घरचा कुळाचार असो, आधी निरोप समोरच्या घरी. गल्लीतल्या बायकांच्या पंचांगात बाकी सगळ्या तिथ्या मागेपुढे व्हायच्या, सुंदराबाई ही एकच तिथी बारमाही शुद्ध होती.

म्हणजे गंमत बघा. गल्लीतली सगळ्यात आळशी म्हणून जिचं नाव, तिच्याच हातचे पापड गल्लीतल्या सगळ्या डब्यांत. बसल्याबसल्या तिला डुलकी लागायची, मग हसणं. हरतालिकेला निर्जळी उपास केला की ती दुपारी हमखास कोसळायची. मैनाबाई पाणी मारायची आणि म्हणायची, "आमची वैनी देवापुढेही कामचोरी करते." पाच बायका हसायच्या. सुंदराबाईही हसायची, पण जरा उशिरा.

बासष्ट साली आमच्या पार्वताच्या पोटात गाठ निघाली. अमरावतीच्या बायकांच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. सोबतीला कोण? अर्थातच सुंदराबाई. केशरबाईनं मोठ्या मनानं पाठवली. "घेऊन जा तिले. इकडे तशीही बसूनच राह्यते."

तिथे डॉक्टर दुर्गाबाई होत्या. उंच, जाड भिंगाचा चष्मा, आवाज असा की वॉर्डातली तान्ही बाळं रडायची थांबत. सकाळी त्या फेरीला आल्या, पार्वताच्या खाटेशी थांबल्या आणि पार्वताकडे न बघता खाली सतरंजीवर बसलेल्या सुंदराबाईकडे बघत राहिल्या.

"पेशंट कोण?"

"मी," पार्वता म्हणाली.

"तुम्ही नाही. या बाई."

"मी सोबत आहो जी," सुंदराबाई म्हणाली.

"वैशाखात गोधडी पांघरून?"

"थंडी वाजते जी."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. अकरा वर्षांत हे वाक्य ऐकून न हसलेलं ते पहिलं माणूस. त्या सरळ खाटेच्या कडेवर बसल्या. सुंदराबाईचा हात हातात घेतला, मनगटापाशी न थांबता तळवा उलटा करून पाहिला, पापणी खाली ओढून पाहिली.

"शेवटचं बाळंतपण कधीचं?"

"शालूचं. अकरा वर्सं झाली असन."

"फार रक्त गेलं होतं?"

उत्तर तिवशाहून निघालं. दुर्गाबाई थांबल्या. फेरीतली सिस्टर चुळबुळ करू लागली तरी थांबल्या.

"माय सांगे," सुंदराबाई म्हणाली, "बाजेखालची माती खरडून फेकली म्हने."

"अंगावर दूध आलं?"

"नाई आलं."

"त्यानंतर दूर बसलात कधी?"

"नाई जी," सुंदराबाई म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईंना वाईट वाटू नये म्हणून पुढे म्हणाली, "लोकाईले बरं पडते."

पोरांनो, दूध आलं होतं का आणि पाळी परत आली का, एवढे दोनच प्रश्न. ते विचारायला अकरा वर्षांत कुणाला सवड झाली नव्हती. टॉनिक लिहून द्यायला मात्र झाली होती.

मला नंतर व्हरांड्यात उभं करून दुर्गाबाईंनी सगळं समजावलं. मी शाळामास्तर, त्यामुळे मला समजावणं सोपं जाईल असा त्यांचा गैरसमज होता. म्हणाल्या, मेंदूच्या खाली, नाकाच्या मागे, हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते. शरीरातल्या बाकीच्या ग्रंथी तिच्या हुकमावर चालतात. गरोदरपणात ती फुगते, तिला रक्त जास्त लागतं. नेमकं बाळंतपणात रक्त वाहून गेलं की ती वाळते. मग दूध येत नाही, पाळी येत नाही, गळ्यातली ग्रंथी थंडावते म्हणून थंडी वाजते, मूत्रपिंडावरची थंडावते म्हणून उपासाला माणूस कोसळतं.

"ही बाई आळशी नाही, मास्तर," त्या म्हणाल्या. "हिच्या घराचा मालक मेला आहे आणि तरी ही घर चालवते आहे. कशी चालवते मला ठाऊक नाही."

गोळ्या सुरू झाल्या. आधी एक बारीक पांढरी, रोज दोनदा. "ही एक दिवसही सोडायची नाही. ही सोडली की जीव जाईल," असं दुर्गाबाईंनी तिला बोट नाचवून सांगितलं. काही दिवसांनी गळ्याच्या ग्रंथीसाठी दुसरी. हा क्रम उलटा करायचा नसतो म्हणे, ते तुम्ही परीक्षेला लिहालच. आणि महिन्याभरानं तिसरी, महिन्यातले काही दिवस घ्यायची. तिनं पाळी परत येते. "आता पूर्ण बरी करू हिला," दुर्गाबाई म्हणाल्या.

ज्येष्ठात एका दुपारी समोरच्या ओसरीतून सुंदराबाईचा आवाज आला, "माय वं, किती गरमते." सगळी गल्ली बाहेर आली. सुंदराबाईच्या कपाळावर घाम होता आणि ती तो बोटावर घेऊन बघत होती. गोधडी त्या दिवशी धुवून वाळत पडली. बोलणंही सुधारलं. तिवशाहून निघणारं उत्तर आता अर्ध्या वाटेत, मूर्तिजापुरातच भेटायला लागलं. आणि एक वाईट गोष्ट झाली. तिला विनोद कळायला लागले. जुनेसुद्धा. एकदा ती मलाच म्हणाली, "भाऊजी, मले पॅसेंजर काहून म्हनत होते, ते मले आत्ता समजून राहिलं." आणि मग हसली. या वेळी उशीर झाला नव्हता, पण ते हसू मला फारसं आवडलं नाही.

आषाढात ती पहिल्यांदा दूर बसली.

ओसरीचा कोपरा, तरट, वेगळं ताट. मैनाबाई तोंड वाकडं करून भाकरी घेऊन आली आणि लांबून ताटात टाकली. सुंदराबाईनं ती दोन्ही हातांनी उचलली. पार्वता समोरून पाहत होती, तिला हाक मारून सुंदराबाई म्हणाली, "पार्वताबाई, भाकर गरम हाये वो. वाफ निघून राहिली." अकरा वर्षं तिनं सगळ्यांची झाल्यावर उरलेली खाल्ली होती. भाकरीतून वाफ निघते हे ती विसरली होती.

संध्याकाळी शालू शाळेतून आली. आई हात रिकामे घेऊन बसली आहे हे तिनं आजवर पाहिलंच नव्हतं. ती आधी जरा बावरली. मग शिवायचं नाही म्हणून हातभर अंतर ठेवून बसली, आणि दोघी सागरगोटे खेळल्या. गोटे मात्र शिवले गेले. केशरबाईनं पाहून न पाहिल्यासारखं केलं, नंतर त्यांवर गोमूत्र शिंपडलं. चार दिवस रोज संध्याकाळी हा खेळ चालला. शालू हरायची, कारण आईचा हात आता चलाख झाला होता, आणि हरली की मोठ्यानं भांडायची. पाचव्या दिवशी सुंदराबाई न्हाऊन उठली तेव्हा शाळेचं कुलूप उघडून सुट्टी संपवणाऱ्या मास्तरासारखं तिचं तोंड झालं होतं.

गल्लीचं पंचांग मात्र बिघडलं. "तब्येत सुधारली ते चांगलं झालं," केशरबाई पार्वताला म्हणाली, "पन हे काय नवं काढलं त्या डॉक्टरीननं? अकरा वर्सं देवाची कृपा होती." दोन घरची लोणची लांबणीवर पडली. एकीनं तर स्पष्टच विचारलं, "पहिल्यासारखी होत नाई काय वं तू?"

श्रावणात सुंदराबाई परत दूर बसली आणि न्हाऊन उठली त्या दिवशी केशरबाईनं बोटं मोजली. पुढच्या खेपेला चार दिवस नेमके महालक्ष्म्यांवर येत होते. भाद्रपदातल्या आमच्या महालक्ष्म्या म्हणजे पुरणपोळी, सोळा भाज्या, आंबील, शंभर पानं. केशरबाईची कंबर चालत नव्हती, मैनाबाई नेमकी पोटुशी होती आणि धुरानं ओकत होती. अकरा वर्षं नैवेद्य सुंदराबाईनं रांधला होता.

"सुंदरे, त्या गोळ्या दे इकडे," केशरबाई म्हणाली.

"ती महिन्याची घ्या आत्याबाई. हे बारीकवाली राहू द्या. डॉक्टरीनबाईनं सांगतलं, हे सोडली का जीव जाते."

"सनाच्या तोंडावर मरनाच्या गोष्टी नोको काढू. गोळ्याईनंच विटाळ आला ना? मंग त्यातली कोनती काय करते हे तुले समजते का मले समजते? महालक्ष्म्या उठल्या का सारा डबा देईन तुले."

केशरबाईचा तर्क बिनतोड होता. तिन्ही गोळ्या एका डालड्याच्या डब्यात होत्या. तो डबा तिनं माजघरातल्या उतरंडीच्या सगळ्यात वरच्या मडक्यात ठेवला. मडक्यांची ती रास उतरवल्याशिवाय हात पोचत नाही, आणि उतरवली तर सगळ्या घराला कळतं. सुंदराबाईनं जानरावाकडे पाहिलं. तो पान लावत होता. "बायाईच्या भानगडीत मी पडत नाई," तो म्हणाला. रोज शेकडो गाठोडी तोलणारा माणूस होता तो.

आमची पार्वता श्रावणात तब्येत सावरायला माहेरी, रिद्धपूरला गेली होती. मी समोर राहून मला काही दिसलं नाही असं नाही. दिसलं ते सगळ्यांना दिसलं तेच, की पॅसेंजर परत रुळावर आली. पोळ्यापर्यंत सुंदराबाई पुन्हा भिंतीला टेकून बसू लागली. अन्न उलटायचं. मैनाबाई म्हणाली, "सनाचं काम दिसलं का आमच्या वैनीची तब्येत बसते." केशरबाई मात्र समाधानात होती. विटाळ आला नव्हता.

नैवेद्याच्या दिवशी सुंदराबाई पहाटे न्हाऊन चुलीपुढे बसली. पुरण तिनं वाटलं, भाज्या तिनं केल्या, आंबील तिनं हाटली. मधून मधून उठून मागे जाऊन ओकून यायची आणि हात धुऊन परत बसायची. दुपारी आरती झाली, पंगती उठल्या. सगळ्यांचं झाल्यावर ती मागच्या पडवीत आडवी झाली. कुणीतरी म्हणालं, "झोपू द्या, आता तिचाच सन हाये." सगळे हसले.

संध्याकाळी पार्वता रिद्धपूरहून आली ती तशीच हळदीकुंकवाला समोर गेली. पडवीत जाऊन तिनं सुंदराबाईच्या कपाळाला हात लावला. घामानं थंडगार होतं.

"वैनी, गोळ्या?"

सुंदराबाईनं डोळे उघडले. उत्तर निघालं. पार्वता थांबली.

"उतरंडीवर," सुंदराबाई म्हणाली.

मडकी खाली उतरवताना दोन फुटली. बारीक पांढरी गोळी पाण्यातून घातली, ती ओठाच्या कडेनं परत आली. डॉक्टर आले तेव्हा नाडी हाताला लागत नव्हती. शालू पायाशी बसून होती.

महालक्ष्म्या अजून बसलेल्याच होत्या. सुतक लागलं, मग मुखवटे कुणी उचलायचे यावर बायकांत हलक्या आवाजात चर्चा झाली. बायकांनी ओटी भरली, मळवट भरला. त्या मळवटानं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या कपाळाला रंग आला. येणारी प्रत्येक जण म्हणत होती, भाग्याची, सवाष्ण गेली. महालक्ष्मीच्या दिवशी गेली. आणि नैवेद्य उरकून गेली. मैनाबाई मोठ्यानं रडत होती आणि ते रडणं खरं होतं. म्हणत होती, "मरमर काम केलं हो माझ्या वैनीनं." आळशी हा शब्द त्या दिवसापासून गल्लीनं तिच्यापुरता बंद केला.

दिवाळीनंतर पार्वताला दाखवायला अमरावतीला गेलो तेव्हा दुर्गाबाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"जगायला पहिल्या दोन पुरत होत्या," त्या म्हणाल्या. "तिसरी मी माझ्या समाधानासाठी दिली. पुस्तकात आहे म्हणून. तिच्या घरी पाळी आली की काय होतं, हे मी विचारलंच नाही. ती दिली नसती तर आज ती असती."

पार्वता म्हणाली, "असती बाई. पन मंग ते सागरगोटे नसते." दुर्गाबाईंना ते कळलं नाही. पार्वतानंही समजावलं नाही.

पुढच्या वर्षी पितृपक्षात नवमी आली. सवाष्ण गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी एक सवाष्ण जेवू घालतात. केशरबाईनं पुरण घातलं, लुगडं आणलं, आणि सकाळी काठी टेकत सवाष्ण शोधायला निघाली. एका घरची दूर बसलेली. दुसऱ्या घरची काल रात्रीच दूर बसलेली. तिसरीला सोयर. आमची पार्वता दुसऱ्या एका घरी आधीच सांगितलेली. मैनाबाईच दूर होती, म्हणून बाकीचं रांधायचीही पंचाईत. शालू तेव्हा बारावं संपवून दाराच्या आड उभी होती, आणि तीही त्या महिन्यात पहिल्यांदाच कोपऱ्यातल्या तरटावर जाऊन आली होती.

ऊन चढलं. केशरबाई घामाघूम होऊन आमच्या ओट्यावर टेकली. पार्वतानं पाणी दिलं. पाणी पिऊन, पदरानं तोंड पुसून, सवयीनं ती म्हणाली, "जाऊ दे, कोनीच भेटत नाई तं आपल्या सुंदरीलेच सांगून देऊ."

मग तांब्या तिच्या हातात तसाच राहिला.